येळ्ळूर रोडला ५ गुंठ्यांचा प्लॉट, बोअरची गाडी बोलवण्याआधी काय काय बघून ठेवू?

वडगावकर_पुण्यात | ९ मार्च

नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावातलं जुनं घर भावकीच्या वाटणीत गेलं. आता बाबांनी पूर्वी घेऊन ठेवलेल्या येळ्ळूर रोडच्या ५ गुंठ्यांत आई-बाबांसाठी लहानसं घर बांधायचं चाललंय. त्या बाजूला नळ अजून पोचलेला नाही, त्यामुळं बोअरला पर्याय नाही. मी पुण्यात असतो. मे महिन्यात आठवडाभर रजा मिळेल, तेवढ्यात उरकायचं आहे.

एका एजंटाशी फोनवर बोललो. "५०० फूट मारू, पाणी गॅरंटी" म्हणाला. शेजारच्या प्लॉटला १८० फुटांवर चांगलं पाणी आहे आणि मागच्याची ४५० फुटांपर्यंत कोरडी ठणठणीत. दोन्हींमध्ये ७०-८० फूटसुद्धा अंतर नसेल. बाबांना नारळवाला पाणाड्या आणायचाय. बायको म्हणते मशीनने सर्व्हे करून घ्या. मला दोन्हींतलं काही कळत नाही. किती फूट, कुणाकडून, परवानगी लागते का, दर कसा ठरवायचा, सगळंच सांगा.

---

कंग्राळीची_सून | ९ मार्च

बाकीचे खोलीबिली सांगतील, मी एकच सांगते. घराचा पाया काढायच्या आधी बोअर मारा. आम्ही घर बांधलं, कंपाउंड घातलं, गेट बसवलं आणि मग गाडी बोलवली. गाडी गेटातून आत जाईना. त्या दिवशी नव्या कंपाउंडची १४ फूट भिंत पाडली, सासरे दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. गाडी आत घेतल्यावर तिचा मनोरा उभा करायला गेले तर वरनं विजेची तार. पुन्हा हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला फोन, पुन्हा अर्धा दिवस. एक नाही, दोन लॉरी येतात, गाडी वेगळी आणि रॉडची वेगळी. दोन्हींना उभं राहायला जागा बघून ठेवा.

आणि पूड उडते हो. शेजारची वाळत घातलेली कपडी राखेत बुडवल्यासारखी झाली होती. आदल्या दिवशी सांगून या.

---

मुरूम_माती | ९ मार्च

नोकरीची वर्षं पाण्याच्या कामावरच गेली, आता निवृत्त आहे. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी खाली काय आहे ते समजून घ्या. बेळगाव, येळ्ळूर, उचगाव, निपाणी, चिकोडी, अथणी हा सगळा पट्टा काळ्या पाषाणाचा, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा. गोकाककडं गेलात की दगड वेगळा, तिथला धबधबा वालुकाश्मावरून पडतो. बैलहोंगलच्या पुढं आणखी वेगळा. त्यामुळं "आमच्या पाहुण्यांना तिकडं अमुक फुटाला लागलं" हे इकडं लागू होत नाही.

आपला दगड म्हणजे भाकऱ्यांची चळत समजा. एकावर एक लाव्ह्याचे थर. प्रत्येक भाकरीचा वरचा भाग जाळीदार, भोकांचा, त्या भोकांत पांढरे-हिरवट खडे भरलेले. मधला भाग घट्ट, काळा, एकसंध. दोन भाकऱ्यांच्या मध्ये कुठं कुठं लाल मातीचा थर. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरुमात, दगडाच्या भेगांत आणि दोन भाकऱ्यांच्या सांध्यात. मधल्या घट्ट दगडात पाणी नाहीच. तिथं ड्रिल फिरतो, डिझेल जळतं आणि मीटर पळतो, एवढंच.

शेजाऱ्याला १८० फुटांवर आणि मागच्याला ४५० लाही नाही, याचं उत्तर त्यात आहे. शेजाऱ्याच्या बोअरला भेग भेटली, मागच्याची भेगेच्या बाजूनं गेली. तुमचं नशीब त्या दोघांशी बांधलेलं नाही. पण शेजाऱ्याला लाल माती किती फुटांवर लागली, केसिंग (वरची माती ढासळू नये म्हणून घालतात तो पाइप) किती घातलं, पाणी कुठल्या फुटाला फुटलं, हे विचारून वहीत लिहा. सांधा कुठं येणार याचा अंदाज बांधायला याहून स्वस्त साधन नाही. मागच्या कोरड्या बोअरवाल्याला तर नक्की विचारा. त्यानं पैसे भरून मिळवलेली माहिती आहे ती.

आता ५०० फुटांचं. आपल्या खडकात बहुतेक झरे पहिल्या दोन-तीनशे फुटांत भेटतात. त्याखाली भेगा आवळत जातात. एजंट म्हणतात, "पाणी वर लागलं तरी खाली मारून ठेवा, टाकीसारखं साठतं." हिशेब करा. साडेसहा इंची बोअरच्या एका फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. २०० फूट जास्त मारले तर साठा वाढला १३०० लिटर. तेवढी प्लॅस्टिकची टाकी गच्चीवर ठेवायला किती लागतात आणि २०० फुटांचे किती लागतात, दुकानात विचारा.

मोटर बुडून राहायला थोडी जादा खोली लागते हे खरं, पण ती ३०-४० फूट.

---

निपाणीकर | ९ मार्च

सर, पटलं. पण माझ्या मामांना ६२० फुटांवर लागलं, आजही चाललंय. त्याचं काय?

---

मुरूम_माती | १० मार्च

लागतं की. खालीही सांधे आहेत. मी म्हणतो ते शक्यतेचं. मामांना लागलं म्हणून आपल्याला कळलं. ६२० ला जाऊन रिकाम्या हातानं परत आले ते कुठं लग्नात सांगत फिरत नाहीत.

---

अथणीचा_ऊस | १० मार्च

आमच्याकडं बोअर म्हणजे घरटी विषय. माझ्या स्वतःच्या शेतात चार आहेत, त्यातल्या दोन चालतात, म्हणजे दोन फेल गेल्या. थोडा अनुभव आहे.

दर. गाडीवाले एक भाव फुटाला सांगतात, तो बहुतेक पहिल्या ३०० फुटांचा असतो. त्याच्या खाली दर १०० फुटांना भाव चढतो. ५०० व्या फुटाचा भाव पहिल्या फुटाचा नसतो, हे फोनवर कुणी सांगत नाही. केसिंग पाइपचा दर वेगळा. वेल्डिंग, फ्लशिंग (बोअर धुऊन साफ करणं), गाडीचं येणं-जाणं, पोरांचा भत्ता, सगळं वेगवेगळं. एका कागदावर सगळं लिहून एजंटाची सही घ्या. व्हॉट्सॲपवर तरी घ्या. गाड्या बऱ्याच तमिळनाडूच्या, तिरुचेंगोडकडच्या. पोरं कामाला चांगली, पण त्यांना ना मराठी ना कन्नड, भाव ठरवणारा एजंट मधला असतो आणि बिलाच्या वेळी तो "मला काय माहीत, गाडीवाल्याला विचारा" म्हणतो.

आता चिंचोक्यांची गोष्ट. तिसऱ्या बोअरच्या वेळी आमचे तात्या खुर्ची टाकून गाडीजवळ बसले, खिशात चिंचोके. एक रॉड आत गेला की एक चिंचोका डाव्या खिशातनं उजव्या खिशात. गाडीवाल्यांना वाटलं म्हातारा काहीतरी जप करालाय. पहाटे साडेतीनला काम थांबलं. एजंटानं बिल केलं ४२० फुटांचं. तात्यांनी चिंचोके काढून बॉनेटवर मांडले, १९. रॉड २० फुटी. ३८०. एजंट म्हणाला, "तात्या, झोप लागली असंल तुमाला." तात्या म्हणाले, "मला लागली असंल, चिंचोक्याला न्हाई लागली." शेवटी दोरी सोडून मोजलं, ३८० च निघाले.

रॉडची लांबी आधी टेप लावून मोजा. सगळ्यांचे २० फुटीच असतात असं नाही.

"गॅरंटी"चा अर्थही लेखी विचारा. पाणी नाही लागलं तर पैसे परत? कुणी देत नाही. बहुतेकांच्या गॅरंटीचा अर्थ "लागेपर्यंत मारतो", आणि मीटर तुमचा.

सगळ्यात महत्त्वाचं. कुठं थांबायचं ते गाडी यायच्या आधी घरात बसून ठरवा. रात्री दोन वाजता, कानाचे पडदे फाटताहेत, २८० फूट झालेत, नुसती पांढरी पूड येतेय आणि एजंट म्हणतो "अजून एक रॉड, आता लागतंय बघा". त्या वेळी माणूस नाही म्हणत नाही. आजवर गेलेल्या पैशाची कीव येते. मी दुसऱ्या बोअरला २५० वर थांबायचं ठरवून गेलो होतो, थांबलो ५४० ला. फेल. त्या वर्षीचा अर्धा ऊस त्या भोकात गेला.

---

वडगावकर_पुण्यात | १० मार्च

तात्यांना दंडवत. थांबायचा आकडा ठरवायचा हे डोक्यातच नव्हतं. सर, आमच्यासाठी किती धरू?

---

मुरूम_माती | १० मार्च

शेजाऱ्याला १८० आहे ना. तो सांधा तुमच्या प्लॉटखालून जात असेल तर १६० ते २०० मध्ये दिसेल. त्याखाली मोटरपुरते ३०-४० फूट. तोवर काहीच नाही आलं तर फार तर ३०० पर्यंत बघा. तिथं थांबायची छाती ठेवा. माझ्या शब्दावर जाऊ नका, सर्व्हेवाल्यालाही हाच प्रश्न विचारा.

---

कडोलीकर | ११ मार्च

पाणाड्याला एवढं खाली का घालताय सगळे? आमच्या गावात एकाच माणसानं दाखवलेल्या किती बोअर चालताहेत. उंबराची फांदी धरतो, फांदी खाली वाकते म्हणजे वाकते. विज्ञानाला सगळंच कळतं असं नाही.

---

मुरूम_माती | ११ मार्च

खाली घालत नाही दादा. बरेच पाणाडे जमिनीचे चांगले जाणकार असतात. वारूळ कुठं, उन्हाळ्यात हिरवी राहणारी झाडं कुठं, ओढ्याचा उतार कुठला, हे त्यांना नजरेनं कळतं. फांदी वाकते ती हातानं, असं माझं मत. आणि पाऊस बरा असलेल्या गावात वरच्या मुरुमात कुठंही मारलं तरी थोडंफार पाणी लागतंच, मग नाव फांदीचं होतं.

मशीनचं सांगायचं तर तेही जमिनीत बघत नाही. जमिनीत चार सळ्या ठोकतात, दोनांतून वीज सोडतात, दोनांवर मोजतात, सळ्या लांब लांब नेत जातात. ओल्या, भेगाळलेल्या थराचा विद्युत रोध कमी, घट्ट दगडाचा जास्त. त्यावरून थर कुठं बदलतो ते कळतं. ५ गुंठ्यांत अडचण अशी की खोलवरचं बघायला सळ्या लांब न्याव्या लागतात आणि मध्ये लोकांची कंपाउंडं. शेजारची रिकामी जागा वापरायची तोंडी परवानगी काढून ठेवा. सर्व्हेवाल्यानं नुसतं "इथं मारा" म्हणून खुंटी ठोकली तर पैसे देऊ नका. कुठला थर किती फुटांवर, हे आकडे कागदावर मागा.

---

कडोलीकर | ११ मार्च

हातानं वाकते म्हणजे तो खोटं बोलतो असं नाही म्हणायचं ना तुम्हाला?

---

मुरूम_माती | ११ मार्च

नाही. त्याला स्वतःलाही कळत नाही.

---

खानापूरची_अक्का | १२ मार्च

परवानगीचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी कन्नड वाचते, त्यामुळं आमच्या गल्लीतले सगळे कागद माझ्याकडंच येतात.

कर्नाटकात भूजलाचा कायदा २०११ चा आहे. अधिसूचित भागात नवी बोअर मारायला भूजल प्राधिकरणाची परवानगी लागते. बोअरच्या गाड्यांचीही नोंदणी लागते, तिचा कागद गाडीवाल्याकडं मागा. त्याआधीचा १९९९ चा कायदा सार्वजनिक पिण्याच्या पाण्यासाठी आहे. पंचायतीच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय मारता येत नाही. येळ्ळूर रोडला जवळपास पंचायतीची बोअर आहे का ते बघा, हे लोक हमखास विसरतात आणि मग तक्रार होते.

याशिवाय २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. बोअर मारायच्या १५ दिवस आधी लेखी कळवायचं. जागेवर मालकाचं आणि गाडीवाल्याचं नाव-पत्ता लिहिलेली पाटी, भोवती कुंपण, केसिंगभोवती सिमेंटचा कट्टा, जमिनीच्या वर ३० सेंटीमीटर आणि खाली ३० सेंटीमीटर. तोंडाला वेल्डिंगची पत्र्याची ताटली किंवा नटबोल्टची टोपी. मोटर दुरुस्तीला काढली तरी भोक उघडं ठेवायचं नाही. पाणी नाही लागलं तर तळापासून वरपर्यंत माती-दगडांनी भरायची. पोतं घालून वर दगड ठेवायचा नाही.

पंचायत हद्दीत असाल तर पीडीओंकडं (पंचायत विकास अधिकारी) अर्ज द्या, शहर हद्दीत असाल तर पालिकेत. अर्जासोबत उतारा जोडा. अर्ज कन्नडमध्ये असतो. घाबरू नका, इथं फोटो टाका, मी सांगते कुठं काय भरायचं. पोचपावती मात्र शिक्क्यासकट घ्या, नुसतं "ठेवून जावा" म्हणाले तर उठू नका.

ती पोतं-दगडाची गोष्ट मी उगाच नाही लिहिली. एप्रिल २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, अथणी तालुक्यात झुंजरवाडला सहा वर्षांची मुलगी उघड्या बोअरमध्ये पडली. बाजूनं खड्डा खणत गेले, खाली दगड लागला, दोन दिवसांवर चाललं. ती वाचली नाही. एप्रिल २०२४ मध्ये विजयपूर जिल्ह्यात इंडी तालुक्यात लच्याणला दोन वर्षांचं नसलेलं बाळ पडलं, त्याला वीसेक तासांनी जिवंत काढलं. त्याच वर्षी डिसेंबरात बेळगावच्या अधिवेशनात कायद्यात दुरुस्ती झाली, फेल बोअर उघडी ठेवणाऱ्याला आता दंडाबरोबर कैदही आहे.

---

अथणीचा_ऊस | १२ मार्च

झुंजरवाडच्या वेळी आम्ही तिथं गेलो होतो. गावातले ट्रॅक्टर, पाण्याचे टँकर, सगळं नेलं होतं. परत आल्यावर तात्यांनी आधी आमच्या दोन फेल बोअरवर काय आहे ते बघायला लावलं. एकीवर फरशी होती. दुसरीवर काहीच नव्हतं.

---

जांभ्यातला_माणूस | १३ मार्च

कोण जांबोटी-कणकुंबीकडचं वाचत असेल तर. आमच्याकडं वर जांभा, त्याखाली पांढुरकी-पिवळी चिकणमाती. ती ढासळते. येळ्ळूरला ४०-५० फुटांचं केसिंग पुरत असेल, आमच्याकडं कधी कधी त्याच्या दुप्पट जातं, आणि पाइपवर पैसे वाचवले तर बोअर बसते, रॉड आत अडकतो. एवढा पाऊस पडूनही आमच्या वाड्यांत मे महिन्यात टँकर येतो, कारण जांभ्यातलं पाणी पावसाळा संपला की उताराला निघून जातं. बोअरपेक्षा झऱ्याच्या तोंडाशी उघडी विहीर आमच्याकडं जास्त चालते.

---

मुरूम_माती | १३ मार्च

बरोबर. केसिंगचं त्यांनी काढलंच म्हणून सांगतो. पाइप घट्ट दगडात दोन-चार फूट तरी घुसला पाहिजे. मुरुमात लटकत ठेवला तर वरचं घाण पाणी, माती, शेजारच्या सेप्टिक टाकीचं पाझरलेलं, सगळं बाजूनं आत. पाइपच्या बाहेरच्या फटीत वरचे काही फूट सिमेंट ओता. गाडीवाले हे आपणहून करत नाहीत. पाइप आयएसआय मार्कचा, जाड. पातळ पाइप स्वस्त पडतो आणि दाबानं चिमटतो, मग मोटर वर येत नाही.

सेप्टिक टाकीपासून किमान ५० फूट. तुमचीही आणि शेजाऱ्यांचीही. ५ गुंठ्यांत हा एकच नियम पाळला तरी बोअरची जागा जवळजवळ आपोआप ठरते.

शहरातल्या जुन्या विहिरी बघा. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे. त्या काळी आजच्यासारख्या बोअरच्या गाड्या नव्हत्या, वरच्या मुरुमातल्या पाण्यावरच सगळ्या माणसांचं भागवलं. तो थर आजही तिथंच आहे, आपण वर गटारं सोडली म्हणून केसिंग घालून त्याला बंद करतो.

---

निपाणीकर | १४ मार्च

"दोन इंच पाणी", "तीन इंच पाणी" म्हणतात ते नक्की काय? एकानं मला दोन इंची पाइप दाखवून दोन इंच म्हणून सांगितलं होतं.

---

मुरूम_माती | १४ मार्च

फसवलं. इंच म्हणजे पाइपचा नाही. पत्र्याच्या पेटीला इंग्रजी व्हीसारखी ९० अंशांची खाच असते. बोअरचं पाणी त्या पेटीत सोडायचं आणि खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजायची. १ इंच उंची म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर. २ इंच म्हणजे १००० नाही, तासाला जवळपास २९००. ३ इंच म्हणजे ८००० च्या आसपास. म्हणून दीड आणि दोन इंचांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि एजंट नुसत्या नजरेनं "दोन हाय की" म्हणतो.

पेटी नसेल तर २०० लिटरचं बॅरल ठेवा. १ इंचाला भरायला २४ मिनिटं, २ इंचाला ४.

घाबरूही नका. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर चार माणसांना ५४० लिटर. १ इंच पाणी असेल तर तासाभरात झालं. घराला दोन-तीन इंच लागत नाही, ते शेतीला. पण काँप्रेसरच्या जोरानं त्या रात्री जे उसळतं ते टिकेलच असं नाही. मोटर सोडून दोन-चार दिवस चालवल्यावरचा आकडा खरा.

आणि मोटर आधी विकत घेऊ नका! दुकानदाराकडं सवलत होती म्हणून दीड एचपी आणून ठेवलेली माणसं बघितलीत मी. पाणी किती, कुठल्या फुटावर, हे कळल्यावर मोटर.

---

सामाईक_बांध | १५ मार्च

आमच्याकडं बोअर सामाईक जमिनीत मारली. पैसे माझे, उतारा तीन भावांचा. विजेचं कनेक्शन थोरल्याच्या नावावर, कारण त्या दिवशी ऑफिसात तो होता. आता पाणी कुणाचं यावर चार वर्षं बोलणं बंद आहे. मारायच्या आधी कागद करा. पाणी किती तास कुणी घ्यायचं, मोटर जळली तर कुणी भरायचं. भावाभावांत कसला कागद म्हणून मीही त्या वेळी हसलो होतो.

---

वडगावकर_पुण्यात | १५ मार्च

प्लॉट सुदैवानं एकट्या बाबांच्या नावावर आहे. एक शंका. आमच्या बोअरमुळं शेजाऱ्याचं पाणी कमी झालं तर?

---

खानापूरची_अक्का | १५ मार्च

१८८२ च्या ईझमेंट (वहिवाटीच्या हक्कांच्या) कायद्यानुसार आपल्या हद्दीतलं जमिनीखालचं पाणी उपसायचा जमीनमालकाला हक्क आहे. म्हणजे तुमच्यामुळं त्यांचं आटलं तर ते फारसं काही करू शकत नाहीत. उद्या त्यांनी तुमच्यापेक्षा खोल मारली तर तुम्हीही नाही. होईल तेवढी लांब मारा आणि दोघांनी मिळून गच्चीचं पाणी खाली सोडा. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की १००० लिटर होतं. मात्र गाळणी खड्ड्यातून सोडा, थेट बोअरमध्ये पाइप घालू नका.

---

कंग्राळीची_सून | १५ मार्च

आणि पाणी तपासून घ्या. आम्ही सहा महिने तसंच प्यायलो. कठीणपणा ५८० निघाला. सरकारी मापाप्रमाणं २०० चांगला, ६०० पर्यंत चालवून घेतात (हे सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅमचे). गीझर आणि मिक्सरची जार आधीच सांगत होती, पांढरा थर. नायट्रेट ४५ च्या वर गेलं तर गटाराचं किंवा खताचं पाणी मिसळतंय समजा. फ्लोराइडही बघायला सांगा, १ च्या खाली हवं, दीडच्या वर गेलं तर प्यायचं नाही.

---

वडगावकर_पुण्यात | २६ मे

मंडळी, झालं एकदाचं. सविस्तर लिहितो.

अर्ज ४ मेच्या आठवड्यात देऊ म्हणत होतो, अक्कांनी एप्रिलमध्येच द्यायला लावला ते बरं. कन्नड अर्ज त्यांनीच भरून दिला, पोचपावती शिक्क्यासकट आहे.

नारळवालाही आणला, बाबांसाठी. नारळ उभा राहिला तो नेमका शेजाऱ्यांच्या सेप्टिक टाकीपासून १५ फुटांवर. बाबा टाकीकडं बघत राहिले, मग स्वतःच म्हणाले, "जाऊ दे." सर्व्हेवाल्यानं दोन जागा दिल्या, थर १६५ ते १९० मध्ये बदलतोय असं कागदावर लिहून दिलं. आम्ही टाक्यांपासून लांबची घेतली.

गाडी रात्री साडेनऊला आली. आईनं डबाभर चिंचोके दिले होते. केसिंग ५२ फूट. ९० ला पूड जरा ओलसर झाली, एजंट लगेच "आलं, आलं". पुन्हा कोरडी. १७० ला लाल चिखल बाहेर पडायला लागला आणि १८५ ला पाणी. काय आवाज होता! बाबा भिजले, तरी हलले नाहीत. २४० ला थांबायला सांगितलं. एजंट म्हणाला, "आलेली गाडी आहे, १०० फूट अजून मारू, दोन इंच होईल." बाबा माझ्याकडं बघायला लागले. खरं सांगतो, मी पण डळमळलो होतो. चिंचोके १२ होते, ते मोजून त्याच्या हातात ठेवले.

बॅरल १३ मिनिटांत भरलं, म्हणजे सव्वा इंचाच्या आसपास. आठवडाभर मोटर चालवली, तेवढंच आहे. चार दिवस पाणी लालसर होतं, आता निवळलं. कठीणपणा ४१०, बाकी ठीक.

एक चूक झाली. पाइपच्या बाहेरून सिमेंट ओतायचं राहिलं, गाडी गेल्यावर आठवलं. सर, आता वरून खणून करता येईल का?

---

मुरूम_माती | २६ मे

येईल. पाइपभोवती तीन-चार फूट खणा, हलक्या हातानं, पाइपला पहार लागू देऊ नका. मग काँक्रीट, आणि वर कट्टा. पावसाच्या आत करा.

---

खानापूरची_अक्का | २७ मे

मागच्या प्लॉटमधल्या त्या ४५० फुटी कोरड्या बोअरचं काय केलंय त्यांनी?

---

वडगावकर_पुण्यात | २९ मे

तुम्ही विचारलंत म्हणून बघायला गेलो. सिमेंटचं पोतं आणि वर एक चिरा. मालक गोव्याला असतात. फोन केला तर म्हणाले, "तुम्ही करत असाल तर करा, खर्च सांगा."

आमच्या बोअरची पूड ढीग घालून पडलीच होती. काल बाबा, मी आणि गवंड्याची दोन पोरं पाट्यांनी ओतत होतो. अर्ध्यालाही पुरली नाही, म्हणून मुरुमाची एक ट्रॉली मागवली. मधेच अडकू नये म्हणून बाबा दर चार पाट्यांनी दोरीला दगड बांधून आत सोडून बघत होते. संध्याकाळी सहाला वर आलं. आज वरचे दोन फूट काँक्रीट घालतोय. ट्रॉलीचं बिल त्यांना पाठवलंय, उत्तर अजून नाही.